गाळाचं शेवटचं टोपलं

डोळा लागतोय की नुसती पापणी जड झालीय, हे मला कळत नाही. पाठीखाली चर्चची शहाबादी फरशी आहे आणि ती गार आहे, एवढं कळतंय. बाहेर शनिवारची दुपार रटरटतेय. झाडू हाताशी पडलाय. अर्धं चर्च झाडून झालंय, अर्धं राहिलंय, आणि मी म्हटलं, घटकाभर पाठ टेकावी. कुणी बघायला नाही. पुतळ्यांवरसुद्धा जांभळी कापडं आहेत. मरियामाता, संत जोसेफ, सगळे झाकलेले. त्यांनाही आज काही बघायचं नसावं.

हा पवित्र शनिवार. काल प्रभू मेला, उद्या उठेल, आज मधला दिवस. आज मिस्सा नाही, घंटा नाही, वेदीवर कापड नाही. दारातल्या दगडी वाटीत पवित्र पाणी असतं, तेही गुरुवारी काढून टाकलंय. रात्री जागरणविधीत फादर नवं पाणी आशीर्वादित करतील, तेव्हा ती वाटी भरेल. लहानपणापासून मला हा दिवस आवडत नाही. आता तर वाटतं, माझ्या घरात वर्षभर शनिवारच चाललाय.

मी लुसिया जगधने. मिशनच्या बोर्डिंगात पोरांचा स्वयंपाक करते. गेल्या मे महिन्यात माझे मालक, अंतोन, मिशनच्या विहिरीचा गाळ काढायला उतरले आणि तिथंच गेले. उन्हाळ्यात पाणी तळाला लागलं की दरवर्षी गाळ काढायचा, ही रीतच होती. त्या दिवशी सकाळभर विहिरीतल्या कपारीवर डिझेलचं इंजिन ठेवून पाणी उपसलं. त्याच्या धुरातला विषारी वायू तळाला बसून राहिला. दिसत नव्हता, वास नव्हता. दुपारी भाकरी खाऊन अंतोन खाली उतरले. वर माणसं गाळ ओढायच्या यारीचा दोर धरून बसली होती. दोनदा टोपलं वर आलं. तिसऱ्यांदा ‘ओढा’ अशी हाकच आली नाही.

त्या दिवसापासून विहिरीवर लोखंडी जाळी पडलीय. विहीर मिशनच्या जमिनीत, पण ती एकट्या मिशनची कधीच नव्हती. आमची ख्रिस्ती वस्ती, ओढ्यापलीकडची धनगर वस्ती आणि वरच्या माळावरची भिल्लांची घरं, तिघांची माणसं ती खोदताना राबली, म्हणून पाणी तिघांचं, एवढाच तिथला कायदा. दिवाळीनंतर फादर इग्नेशियस यांनी ती तीनदा उपसून घेतली, जंतुनाशक पावडर टाकली, ती अजून दर आठवड्याला टाकतात, पाणी तपासायला नगरला पाठवलं. पाणी पिण्यालायक आहे, असं उत्तर आलं. तरी एक बाई घागर घेऊन गेली नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं. लुसियाच पीत नाही तर आपण कशा पिणार, असं ज्याच्या त्याच्या मनात. मला तोंडावर कुणी कधी बोललं नाही. त्या माझ्याकडे बघतात, मी खाली बघते. मग त्या टँकरच्या रांगेला जातात.

टँकरच्या पाण्याला गंजाचा वास येतो. भिल्लांच्या घरांत हगवण लागलीय. धनगर वस्तीतल्या ठकूमावशीची नात गोदी चार दिवस सरकारी दवाखान्यात सलाईनवर होती.

काल क्रुसाच्या वाटेची प्रार्थना संपल्यावर फादर माझ्यापाशी थांबले. घामानं त्यांचा झगा पाठीला चिकटला होता.

“लुसियाबाई, मी तुम्हाला सांगत नाही, फक्त विचारतो. उद्या रात्रीचं पाणी विहिरीचं घेऊ का?”

“विहीर मिशनची, फादर. मला कशाला विचारता?”

“तुम्हाला माहीत आहे कशाला.”

 मला आता कशाचंच उत्तर द्यायला नको वाटतं. रात्री झोप येत नाही. दिवसा हातपाय ओढत काम करायचं, आणि भोवती माणसं माझ्या एका घोटासाठी खोळंबलेली. माझं दुःख माझ्यापाशी राहू द्यायला तयार नाहीत, असं मला वाटतं.

फरशी गार आहे. मी कुशीवर वळते, आता माझा गाल तिच्यावर आहे.

दारात कुणीतरी चपला काढतंय.

मी डोळे उघडत नाही, तरी मला दिसतं. अंतोन आत येतात. अंगात तीच बनियन, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, पोटऱ्यांवर करडा गाळ, अजून ओला. दाराशी थांबून ते सवयीनं दगडी वाटीत बोटं घालतात. बोटं कोरडी वर येतात. ते बोटांकडे बघत राहतात.

“पाणी न्हाई व्हय गं?”

मी दचकत नाही. उलट जरा चिडच येते, केर अर्धा राहिलेला असताना पाहुणा दारात यावा तशी.

“आज शनिवार. आज नसतंच.”

“असं व्हय.” ते कोरड्याच बोटांनी क्रुसाची खूण करतात. “मला तहान लागलीय, लुसे.”

“घरी चला.”

मी उठते. गुडघा दुखत नाही, याचं मला नवल वाटतं. ते पुढं, मी मागं, जशी नेहमी चालायचे. चर्चच्या दारातून आम्ही बाहेर पाय टाकतो आणि तो सरकारी दवाखान्याचा व्हरांडा आहे. हिरवा रंग अर्ध्या भिंतीपर्यंत, फिनेलचा वास. याच बाकावर मी गेल्या वर्षी बसले होते, आतून त्यांना बाहेर आणायची वाट बघत. आता ते स्वतः माझ्या पुढं चाललेत आणि बाक रिकामा आहे. मला हसू येतं. मग लगेच दमल्यासारखं होतं.

वॉर्डात खाटा दिसतात. प्रत्येक खाटेवर एक पोर, प्रत्येक पोराच्या डोक्यावर बाटली. बाटल्या लोखंडी दांड्यांना नाहीत, चिंचेच्या फांद्यांना लटकल्यात. मिशनच्या आवारातली चिंच कधी आत आली, कुणास ठाऊक. पानं गळतायत, पोरांच्या अंगावर पडतायत. एकही पोर रडत नाही.

अंतोन एका खाटेपाशी वाकतात. “ही ठकूमावशीची गोदी ना?”

“हो.”

“काय झालं हिला?”

“पाण्यानं झालं. टँकरच्या.”

“टँकर कशापायी? विहीर आटली?”

“नाही.” मला खोटं बोलवत नाही. “भरलेली आहे.”

“मंग?”

“बंद आहे.”

“कुनी केली?”

मी चिंचेची पानं गोदीच्या अंगावरून झटकते. पुन्हा पडतात. पुन्हा झटकते. ते उत्तराची घाई करत नाहीत. त्यांना कधीच घाई नव्हती. बाजारातून यायलासुद्धा अंधार करायचे.

“कुणीच नाही केली,” मी म्हणते. “आपोआप झाली.”

“आपोआप काय बी व्हत न्हाई, लुसे. भांडंबी आपोआप घासलं जात न्हाई.”

मी त्यांना वॉर्डाच्या दुसऱ्या दारानं बाहेर काढते, कारण मला त्या खाटा बघवत नाहीत. ते दार आमच्या स्वयंपाकघरात उघडतं. चूल विझलेली. ताटाळ्यात त्यांचं ताट आहे, ते मी आमच्या पोरीला देऊन टाकलं होतं, तरी आहे. ते पाटावर बसतात. गाळाच्या पायांचे ठसे सारवलेल्या जमिनीवर उमटत नाहीत, हे मी बघते आणि बघितलं नाही असं करते. माठातून तांब्या भरते.

ते तांब्या तोंडाला लावतात. थांबतात. खाली ठेवतात.

“हे नको.”

“दुसरं नाही.”

“वास येतोय याला.”

“आम्ही रोज तेच पितो,” मी म्हणते, आणि माझा आवाज चढतो. “तुम्हाला काय? तुम्ही गेलात. मी उकळते, गाळते, बोर्डिंगच्या पोरांना पाजते, तरी दोन पोरं आजारी पडली. सरपण पुरत नाही. आणि सगळ्यांनी मलाच धरलंय. मी प्यायल्याशिवाय कुणी पिणार नाही. मी काय संत आहे? मला नको वाटतं ते पाणी. तुम्ही ज्यात पडलात ते पाणी मी कसं पिऊ, सांगा की.”

ते ऐकून घेतात. तांब्याच्या काठावरून बोट फिरवतात.

“तुम्ही गेल्यावर महिन्यानं मिस्सा झाली, तेव्हा,” मी म्हणते, “फादर म्हणाले, मित्रांसाठी जीव देण्यापेक्षा मोठी प्रीती नाही. सगळं चर्च रडलं. बायांनी मला मिठ्या मारल्या. मला रडू आलं नाही. मला वाटलं, मला विचारायचं तरी होतं. जीव द्यायच्या आधी.”

“जीव दिला न्हाई गं,” अंतोन म्हणतात. “गेला.”

“म्हणजे?”

“म्हंजे गेला. जीव द्यायला कोन उतरलं व्हतं? गाळ काढायला उतरलो व्हतो.”

ते हे इतकं साधं बोलतात, दुकानात सुट्टे नव्हते असं सांगावं तसं, की वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणी तरी नुसता बाजूला सरकवावा तसं मला होतं. उचलला नाही. सरकवला. मी पाटाशेजारी बसते.

“आधी कंदील का नाही सोडला खाली? तुमचे वडील सोडायचे. विझला तर उतरायचं नाही, एवढंच तर होतं.”

“सोडाया पाहिजे व्हता.”

“मग?”

“ऊन व्हतं. तळापातुर समदं दिसत व्हतं. वाटलं, दोन-तीन टोपली तर राहिलीत.” ते डोकं खाजवतात. “चुकलंच ते.”

मला वाटलं होतं ते काही मोठं बोलतील. देवाचं, नशिबाचं. पण ते फक्त चुकलं म्हणतात, आणि माझ्या डोळ्यांना पहिल्यांदा पाणी येतं. मी पदर लावते. ते माझ्याकडे बघत नाहीत. माझं रडणं त्यांना कधीच बघवायचं नाही, मग ते छताच्या वाशांकडे बघायचे. आताही तसंच बघतात.

“एवढ्या जणांची विहीर,” मी म्हणते. “तीन वस्त्यांची. आणि दरवर्षी उतरायचं तुम्हीच. बाकीचे वर.”

“वर बी लागत्यातच की मानसं.”

“तसं नाही. तुमच्या एकट्याच्याच वाट्याला का?”

“पानी समद्यांचं म्हनलं की गाळ बी समद्यांचाच. कुनी तरी उतरायचं, कुनी वढायचं.” ते पाटावरून उठतात. “एक टोपलं राहिलंय बघ. भरून ठिवलंय. चल.”

“कुठं?”

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जिथं पाण्याची मोरी आहे, तिथून विहिरीच्या पायऱ्या खाली जातात. मला वाटतं, त्या नेहमीच तिथं होत्या, मीच कधी बघितल्या नाहीत. दगडाला नेचे फुटलेत. पारव्यांचा घुमण्याचा आवाज येतोय. अंतोन तीन पायऱ्या उतरून मागं वळतात.

“मला भीती वाटते,” मी म्हणते.

“आता काय न्हाई तिथं. वारा खेळतोय.”

मी उतरते. भिंतीला हात लावत, एकेक पायरी. पायरी उतरते तसा दिवस माझ्या अंगावरून निघत जातो. बोर्डिंगची भांडी, टँकरची रांग, बायांच्या नजरा, काल क्रुसाच्या वाटेवर गुडघे टेकून केलेली चौदा ठाणी. कपारीवर इंजिन नाही. तिथं मरियामातेचा पुतळा आहे, जांभळं कापड बाजूला सारून ती विहिरीत डोकावतेय, एखादी शेजारीण डोकावते तशी. मी तिला हात जोडते. ती पुढं व्हा म्हणून मान हलवते.

तळाला गुडघाभर गाळ आहे. गार. करडा, लोण्यासारखा मऊ. वर बघितलं तर उजेडाचं गोल तोंड, ताटाएवढं. त्यातून कुणाकुणाची डोकी दिसतात.

“हितं,” अंतोन म्हणतात.

टोपलं अर्धंच भरलंय. त्यांनी म्हटलं होतं भरून ठेवलंय, पण ते अर्धंच आहे. मी त्यांच्याकडे बघते.

“मधेच झोप आली,” ते म्हणतात.

 एक प्रश्न मी कुणालाच विचारू शकले नव्हते. डॉक्टरला नाही, फादरना नाही. रोज रात्री अंथरुणावर पडलं की मीच त्याचं उत्तर देत असायचे, आणि दर वेळी ते जास्त वाईट असायचं. त्यांनी हाका मारल्या असतील. भिंतीला नखं लावली असतील. तोंडात गाळ गेला असेल.

“त्रास झाला का?” मी विचारते.

ते विचार करतात. खरंच आठवून बघतात, कपाळाला आठ्या घालून.

“डोकं जड झालं. मंग वाटलं जरा बसावं. बसलो. पायाला पानी लागलं.” ते पाय गाळात हलवतात. “हितं झरा हाय. गाळानं बुजला व्हता, तो मोकळा झाला वाटतं. गार पानी पायावरनं गेलं. बरं वाटलं. दिवसभर राबून आल्यावर तू पाय धुवाया पानी द्यायचीस, तसं. मंग झोप आली.”

“एवढंच?”

“एवढंच गं.”

मी खाली बसते आणि दोन्ही हातांनी गाळ ओढायला लागते. टोपल्यात टाकते. पुन्हा ओढते. ते समोर बसून तेच करतात. आम्ही लग्नाच्या पहिल्या वर्षी असंच शेतातलं तण काढायचो, समोरासमोर, न बोलता, आणि ओळ संपली की कळायचं दुपार झाली. गाळ नखांत जातो. मनगटापर्यंत चढतो. टोपलं भरतं. जिथनं गाळ निघाला तिथं पाणी हलतं, आधी गढूळ, मग त्यातून एक निवळ धार वर येते, बारीक, करंगळीएवढी. अंतोन ओंजळ धरतात. पितात. हनुवटीवरून पाणी गळतं, बनियनवर पडतं. पुन्हा ओंजळ धरतात. मी एवढं पाणी कुणाला पिताना बघितलं नाही. त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होते, आणि मी ते बघत बसते. बायको नवऱ्याला जेवताना बघते तशी.

“झालं?” मी विचारते.

“झालं.”

“मी थोडी पडते इथं,” मी म्हणते. “फार दमलेय हो मी. तुम्ही बसा. मी थोडी पडते.”

आणि मी खरंच आडवी व्हायला लागते. गाळ मऊ आहे. त्यात जागा आहे. कुणी मला काही विचारणार नाही. पण अंतोन टोपल्याच्या कानांत दोर ओवतायत आणि त्यांचं माझ्याकडे लक्ष नाही.

“लुसे,” ते दोराची गाठ आवळत म्हणतात, “वर कोनी तरी पाहिजे ना. दोघं बी खाली बसलो तर हे वढायचं कुनी?”

मी वर बघते. उजेडाच्या तोंडाशी आता एकही डोकं नाही.

“मी ओढू?”

“तूच हायस.”

“जड आहे.”

“हाय थोडं,” ते म्हणतात. “वल्ला गाळ जडच असतोय.”

मला आणखी काही तरी विचारायचं असतं. पोरीबद्दल सांगायचं असतं, पुण्याला तिची नोकरी पक्की झाली ते. मी तोंड उघडते आणि हंड्यावर हंडा आपटल्याचा आवाज होतो, पुन्हा होतो, आणि माझ्या गालाखाली फरशी आहे.

गालावर फरशीच्या सांध्याची रेघ उठलीय. तोंड कोरडं. उन्हाची तिरीप आता वेदीपर्यंत आलीय, म्हणजे मी बराच वेळ झोपले. वर्षभरात एवढी सलग झोपले नव्हते. बाहेर आवारात पुन्हा हंडा वाजतो. मी उठून बसते, झाडू उचलायला हात पुढं करते आणि हात तसाच राहतो.

नखांत गाळ आहे.

दहाही बोटांच्या नखांत. करडा, ओला. बोटांच्या पेरांवर वाळायला लागलाय, मनगटाच्या घडीत अजून मऊ आहे. मी फरशीकडे बघते. फरशी कोरडी, निम्मी झाडलेली, धुळीची. मी हात नाकाशी नेते. विहिरीचा वास. नेच्यांचा, पारव्यांचा, दगडाचा.

 मग पहिला विचार येतो तो अगदी घरगुती: हे हात धुवायला पाहिजेत, अशा हातांनी वेदीचं कापड कसं घालणार.

बाहेर चिंचेखाली ठकूमावशी बसलीय. धनगर वस्तीतून ऊन तुडवत आलीय, डोक्याला पदर, समोर दोन रिकामे हंडे आणि एक छोटी कळशी. आणखी चार-पाच बाया भिंतीच्या सावलीला आहेत. टँकर सकाळी यायचा, आला नाही.

“मावशी, हातावर जरा पाणी घाल,” मी म्हणते.

ती माझे हात बघते. मग माझं तोंड बघते.  कळशी उचलते, आणि ती तिरकी केल्यावर मला दिसतं की तळाशी दोन पेल्यांचं पाणी आहे, उकळून आणलेलं, वर फडकं बांधलेलं.

“हे कुणासाठी?”

“गोदीसाठी ठिवलंय. त्यातलं घालते थोडं. घे, हात कर.”

“नको,” मी म्हणते. “ठेव ते.”

मी विहिरीकडे चालू लागते.  मागून ठकूमावशीच्या चपलांचा आवाज येतो. जाळी जड आहे, गंजून बसलीय. मी एका बाजूनं धरते, ती दुसऱ्या. हलत नाही. मग भिंतीच्या सावलीतली एक भिल्लाची पोरगी येते, कडेवर लेकरू, एका हातानं धरते. जाळी उचलली जाते. पारवे एकदम फडफडत वर येतात, आम्ही तिघी मागं सरतो, लेकरू हसतं.

पाणी बरंच वर आहे. मला वाटलं होतं मी खाली बघणार नाही. बघते. आत आभाळ आहे आणि आमची तीन डोकी.

काठाशी पडलेली दोराची बादली सोडते. ती बुडतानाचा आवाज मी विसरले होते. ओढते. जड लागते. ठकूमावशी दोराला हात लावायला येते, मी मानेनं नको म्हणते, आणि बादली काठावर घेते. आधी हात धुते. ठकूमावशी धार धरते, मी चोळते. बराचसा गाळ जातो. नखांतला जात नाही. काडी घेऊन काढावा लागेल, किंवा नाही काढला तरी चालेल.

“मावशी, आता ओंजळीत घाल.”

भिंतीच्या सावलीतल्या बाया उठून उभ्या राहतात. मला ते पाठीला जाणवतं. मी वाकते, ओंजळ तोंडाशी नेते. डोळे मिटत नाही. पिते. पहिला घोट नरड्यात अडकतो, ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं. दुसरा जातो. तिसरा. हनुवटीवरून ओघळ गळ्यात उतरतो, पुसायला हात मोकळा नाही.

ठकूमावशी वाट बघते. मग हळूच विचारते, “कसं हाय गं?”

“पावडरचा वास येतोय थोडा,” मी म्हणते. “पण गार आहे.”

ती मान हलवते. डोळ्यांना पदर लावते आणि लगेच काढते.

“हंडा घासून आणलाय का?” मी विचारते. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटतो, बोर्डिंगात पोरांवर ओरडते तोच. “आणि काठावर कुणी धुणं आणायचं नाही, आधीच सांगते. ढोरं चिंचेच्या पलीकडं बांधायची. गोदीचं पाणी तरीही उकळूनच द्यायचं. आणि कुणी तरी फादरना सांगा, रात्रीचं पाणी इथलंच घ्या म्हणावं.”

भिल्लाची पोरगी लेकरू कडेवर सावरत फादरच्या घराकडे पळते.

मी बादली पुन्हा आत सोडते, दोर सैल करत राहते. ठकूमावशी हंडा तिरका करून मला आत दाखवते, राखेनं घासून लखलखीत केलेला, आणि मग काठावर ठेवते.